डावा खांदा

"टेकला! डावा खांदा बी टेकला!" सटवाजीनं बाकावर थाप मारली. कपबशा खणखणल्या. मग नेहमीसारखा तो थांबला. कुणीतरी उसळून उठावं म्हणून थांबला.

कुणी उठलं नाही. "टेकला म्हंजी काय, टेकलाच की बाबा," हॉटेलवाला मुंजाजी दुधावरची साय बाजूला करत म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलवल्या. त्यातल्या निम्म्यांनी ती कुस्ती पाहिलीही नव्हती. सटवाजीनं गार झालेला चहा घशाखाली लोटला.

मोगलाईतली गोष्ट. पिंगळीच्या जत्रेत शेवटची कुस्ती लागली होती, पाथरीचा भुजंग आणि हैद्राबादचा खाजा पैलवान. हलगीवाल्यांचे हात दुखायला लागले तेव्हा कुठं भुजंगानं ढाक लावली आणि खाजा पाठीवर गेला. उजवा खांदा मातीला लागला, हे सगळ्यांनी पाहिलं. पण दोन्ही टेकल्याशिवाय गडी चीत धरत नाहीत, आणि डावा लागला की नाही, तिथंच घोडं अडलं. पाठ तपासावी म्हटलं, तर खाजाच्या वस्तादानं त्याला उठवताना मातीच्या हातानं पाठीवर थोपटलेलं. आता ती माती कुस्तीच्या हौद्यातली की वस्तादाच्या पंजाची, सांगायचं कुणी? पंचांनी भुजंगाला फेटा बांधला आणि मोकळे झाले.

गावातल्या इमाम नालबंदानं मात्र तो निकाल जन्मात मानला नाही. जत्रेत खाजा त्याच्याच घरी उतरला होता, त्याच्याच म्हशीचं दूध प्यायला होता. इकडं सटवाजीनं भुजंगाला खांद्यावर घेऊन गावभर नाचवलेलं. तो तरी कसला ऐकतो! पुढं कितीतरी वर्षं दर बाजारी इमाम बैल पाडून नाल ठोकायचा आणि सटवाजी शिंगं दाबून बसायचा.

"टेकला."

"नै टेक्या, सटव्या!"

"डोळे फुटले व्हते का तुझे, इमाम्या?"

हातोडा हवेतच राहायचा. बैल बिचारा पडल्या पडल्या दोघांचं ऐकून घ्यायचा. भांडून भांडून गडी दमले की एकाच चंचीतलं पान खायचे आणि उरलेलं भांडण पुढच्या बाजारासाठी राखून ठेवायचे.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या साली इमाम मुलाकडं हैद्राबादला निघून गेला. जा, असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं. राहा, असंही कुणी म्हणालं नाही. सटवाजीही नाही. मागोमाग सटवाजीची बायको दगडाबाई वारली. आता घरात बोलायला कुणी नाही आणि बाहेर भांडायला कुणी नाही. सटवाजी दर बाजारी ती कुस्ती सांगतो आणि अख्खं गाव त्याचं म्हणणं मान्य करतं.

आणि एका बाजारी, दुपारच्या गाडीतून इमाम उतरला. बायकोच्या कबरीवर फुलं वाहायला आला होता. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होता. सटवाजीनं त्याला हाताला धरून ओढतच हॉटेलात आणलं. किती वर्षांनी त्याच्या पायात बळ आलं होतं!

इमाम बाकाच्या अगदी कडेला बसला. नाल ठोकून राकट झालेले ते पंजे त्यानं मांडीवर जुळवून ठेवले. "कैसे हो, सटवाजीराव?" तो म्हणाला.

सटवाजीराव! सटवाजीला कुणी चपराक मारावी तसं झालं. पण त्याच्याकडं हुकमी डाव होता. त्यानं कुस्ती सांगायला घेतली आणि मुद्दाम तिखटमीठ लावलं. दोन्ही खांदे टेकले, म्हणाला. खाजा पोरीवानी रडला, म्हणाला. हैद्राबादचं पाणीच तसलं पुळचट, असंही म्हणाला. पूर्वी एवढ्यावर हातोडा डोक्यात आला असता.

"का रं, ऐकायलास ना?" सटवाजीनं डिवचलं. सगळे इमामकडं बघायला लागले.

इमामनं बाकावरच्या एकेका तोंडाकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "हौ," तो म्हणाला. "टेक्या था. दोनो खांदे टेके. सटवाजीराव सच बोलते."

हॉटेलात हशा पिकला. "कबूल झालं बघा शेवटाला!" म्हणत मुंजाजीनं दोघांना मलई घालून चहा दिला. सटवाजी जिंकला होता. इतकं एकटं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, दगडाबाई गेली तेव्हाही नाही.

संध्याकाळी तो इमामला पोचवायला स्टेशनावर गेला. फलाटावर एक शेळी सोडली तर कुणी नव्हतं.

"इमाम्या, हितं कोन हाय आता? आता तरी न्हाई म्हण की रं."

इमामनं फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. त्याचे ओठ हलले. सटवाजी कान देऊन पुढं झुकला.

"तबीयत संभालो, सटवाजीराव," इमाम म्हणाला आणि डब्यात चढला.

पुढच्या बाजारी सटवाजी हॉटेलात शिरला तो तरातराच. खाली बसायच्या आधीच त्यानं बाकावर थाप मारली.

"न्हाई टेकला! डावा खांदा टेकलाच न्हाई! ती माती वस्तादाच्या हाताची व्हती. इमाम्या खरं बोलत व्हता, आन् तुमी समदे खोटे!"

कपबशा खणखणल्या. सटवाजी छाती पुढं काढून थांबला. आता तरी कुणीतरी उसळून उठेल.

मुंजाजीनं दुधावरची साय बाजूला केली. "न्हाईच टेकला की बाबा," तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलवल्या.