हिरवा दिवा

कोटीभर अंकांची एक संख्या अविभाज्य आहे का, हे शेखरचा कॉम्प्युटर महिनोन्‌महिने तपासत होता. हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये त्याची घरघर सोसवेना, म्हणून शेखरनं तो गावी कोळवणला आईच्या उशाशी आणून ठेवला. रोज संध्याकाळी तो न चुकता फोन करायचा.

"आई, हिरवा दिवा लुकलुकतोय ना?"

"लुकलुकतोय रं. जेवलास का?"

"मीटिंग आहे, ठेवतो."

आज तो निकाल पाहायला आला. संख्या अविभाज्य नव्हती.

"माज्या हातनं काय चुकलं का रं?" आईनं घाबरून विचारलं.

"नाही गं, संख्याच तशी होती. घेऊन जातो हा डबा आता." त्यानं वायर उपटली. विझलेल्या दिव्यावरची धूळ तिनं पदरानं पुसली.



"ह्याच्याहून मोठा आकडा लाव की रं. सांजच्याला तुजा फोन तरी येतो."