चिरकाची हद्द

चिरकाने आरशावर चोच मारली. टक्. मागे उडाला, शेपटी ताठ उभी केली आणि पुन्हा मारली.

आदिनाथने मोटारसायकल बांधावरच्या बोरीखाली लावली होती, आणि तिच्या आरशात आणखी एक चिरक होता. तसाच काळाकुळकुळीत, खांद्यावर पांढरी रेघ, शेपटीच्या बुडाला गेरूचं बोट पुसावं तसा तांबडा डाग. जीव चिमणीएवढा, पण वनखात्याच्या झाडीच्या कडेपासून बोरीपर्यंतचा सगळा बांध त्याच्या नावावर. सकाळी दगडावर बसून शीळ घातली, की त्याची हद्द कायम. मोजणीची नोटीस नाही, पंच नाही, तलाठ्याची वाट बघणं नाही.

"काका, टाकी पार घाण करून राह्यलाय हा," आदिनाथ म्हणाला.

"त्याच्या रानात गाडी तू लावली. त्यानं काय हार घालावा का तुला?"

कडूबा दगडावर बसला होता. मांडीवर कागद, हातात आदिनाथने दिलेला पेन, नजर मात्र पाखरावर. सत्तरी उलटली तरी नजर साफ होती. त्यामुळे दिसत नाही म्हणायची सोय नव्हती.

"वाचलं का? तीन हात जागा तुमची, बोरीसकट. आमचा काही दावा नाही. फक्त खाली सही करा."

एकोणीस वर्षं कडूबाने कोर्टात हेच मागितलं होतं. आदिनाथच्या बापाने, तातेरावने, तितकीच वर्षं ते दिलं नव्हतं.

"तुजा दावा न्हाई. तातेरावचा व्हता."

"बाबा गेले, काका. सव्वा महिना झाला."

"मला सांगतो? मातीला आल्तो मी."

आला होता. सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि सगळ्यांच्या नंतर निघाला. टेंभुर्णीतल्या जाणत्यांनी लगेच अंदाज बांधला, की म्हातारा खात्री करून घ्यायला थांबला.

टक्. टक्.

दगडांच्या ढिगाऱ्यापाशी तपकिरी मादी चोचीत काडी धरून खोळंबली होती. कपारीत घरटं अर्धं झालेलं. नराला तिकडे बघायला सवड नव्हती. एरवी ढिगाऱ्याभोवती टुणटुण उड्या मारत वाळवी टिपणारा हा गडी, सकाळपासून दाणापाणी विसरून आरशाला भिडला होता.

आदिनाथने खिशातून रुमाल काढला आणि आरशावर बांधला.

चिरक हँडलवर उतरला. मान इकडे वाकडी केली, तिकडे वाकडी केली. आरशाच्या मागे जाऊन बघितलं. सीटवर बसला, सीटखाली डोकावला. मग उंच दगडावर जाऊन त्याने शीळ घातली आणि थांबला. पुन्हा घातली, पुन्हा थांबला.

"बघा, मिटलं की नाही भांडण?" आदिनाथ हसला.

कडूबा हसला नाही. तो शीळ ऐकत राहिला.

"ही जमीन इकनार म्हन तू?"

"हो. पण दावा चालू असला की गिऱ्हाईक टिकत नाही. म्हणून तर हा कागद. मी तिकडं कंपनीत, आई माझ्याकडं. इथं बघायला कोण आहे?"

"गिऱ्हाईक कोन हाय?"

"जालन्याचे आहेत. जुन्या जालन्यात कापडाचं दुकान आहे त्यांचं. तुम्हाला बिलकुल त्रास नाही होणार. तारेचं कुंपण घालतील, कुलूप लावतील. वर्षातून एकदा आले तर आले."

"भाकरी बांधून आनतील का?"

"कशाला?"

"कशाला न्हाई. असंच इचारलं."

कडूबाने मागे शेतातल्या आपल्या आखाड्याकडे बघितलं. पत्र्याची एक खोली. बाहेर एक खाट, एक तांब्या, एक ताट उन्हाला वाळत घातलेलं. त्याने पेनाचं टोपण काढलं. सहीच्या जागेवर टोक टेकवलं. शाईचा बारीक ठिपका उमटला आणि तिथेच राहिला.

"काका, आता कशाचा विचार? जिंकलात तुम्ही."

"बराबर हाय," कडूबा म्हणाला. त्याने टोपण लावलं. कागदाची होती तशी घडी घातली आणि आदिनाथच्या शर्टाच्या खिशात खोचली, वर पेनही अडकवला.

"वकिलाला सांग, वारस लाव म्हनावं. तातेरावच्या जागी तुजं नाव."

"अहो, सगळं तुमच्या मनासारखं करून राह्यलो ना मी! मंग पुन्हा कोर्ट कशाला?"

"बारा तारखेला जाफराबादला तारीख हाय. सकाळची साडेआठची यष्टी. गर्दी लई असती, जल्दी ये," कडूबा म्हणाला. "खिडकीची जागा माज्यासाठी तुजा बाप धरायचा."