भिंतीकडची फुलं

या मंडळी, अशी पुढे सरका. मागून ही गोष्ट ऐकू येईल, पण दिसायची नाही. एका जुन्या दाराची आहे, आणि दार बघायचं तर जवळच यावं लागतं.

म्हाताऱ्या सुताराच्या दुकानात दाराची चौकट आडवी पडली होती. दीडशे वर्षांची, भिंतीतून सोडवून आणलेली. तिच्यावर एकवीस फुलांची ओळ, त्यातलं मधलं एक वाळवीने खाल्लेलं. तेवढं नवं करून संध्याकाळी चौकट परत बसवायची होती.

सुताराने ते फूल तीनदा कोरलं. लाकूड तेच, माप तेच, पाकळ्या आठच. तरी खाचेत बसवलं की परकं दिसे.

"लग्नाच्या फोटोत भलताच माणूस उभा राहावा, तसं दिसतंय," सून म्हणाली.

"तू मुकाट्यानं घास."

सहा महिने ती घासतच होती. तिला कोरायला पटाशी हवी होती. पण ती डावरी, आणि सासऱ्याचा नियम एकच: हत्यार धरायचं तर उजव्या हातात, नाहीतर धरायचंच नाही.

चौकटीची भिंतीत गाडली जाणारी बाजू तिने घासायला घेतली. चुना खरवडता खरवडता ती थांबली.

"बाबा, इकडेही फुलं आहेत."

"भिंतीत पुरायच्या बाजूला कोण वेडा कोरेल?"

चष्मा पुसून तो वाकला. सात फुलं. पहिली तीन वेडीवाकडी, कडा उडालेल्या. चौथ्यापासून एकाएकी देखणी.

"कोरणारा आधी हात बसवत होता," सुतार पुटपुटला. "पण तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये असं झालं तरी काय?"

सुनेने तिसऱ्यावरून बोट फिरवलं, मग चौथ्यावरून. "पहिल्या तिन्हींत पाकळी उजव्या कडेला खोल आहे. तुमच्यासारखी. चौथ्यापासून डाव्या कडेला." ती अडखळली. "मी फळीच्या तुकड्यांवर चोरून कोरते ना, माझी अशीच येते."

दोघांनी चौकट उलथली. खिडकीतून उजेड आडवा पडला होता. वीसच्या वीस फुलांत सावली डाव्या कडेला साठली होती. सुताराच्या फुलात उजव्या.

"चाळीस वर्षं या दारापुढे थांबतोय मी," तो म्हणाला. "भेटेल त्याला सांगायचो, हात बघावा तर हा!"

"कुठला हात, ते तेवढं बघायचं राहिलं, बाबा."

तो उठला. कामाचा बाक ओढून त्याने उलटा फिरवला. इतकी वर्षं बसणाऱ्याच्या डावीकडे असलेली खिडकी उजवीकडे आली; आता डाव्या हाताची सावली कामावर पडायची नाही. बाकावर त्याने कोरा तुकडा ठेवला आणि शेजारी आपली पटाशी.

"बस. आणि पहिली तीन बिघडली तर घाबरू नकोस. भिंतीकडची बाजू अजून बरीच कोरी आहे."

मंडळी, ते दार आज जागच्या जागी आहे. एकविसांतलं नवं फूल कुठलं, ते मला अजून ओळखता आलेलं नाही. देवाच्या दयेने तुम्हीही कधी अशा दारातून जाल. समोरच्या फुलांचं कौतुक कराच. पण जाता जाता भिंतीला हात लावून, आत तीन फुलं बिघडवून बसलेल्या त्या कुणाची एकदा आठवण काढा.