डब्यातला वाघ

मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेल्या पुतण्यानं, गोपालनं, वच्छलाबाईंना वावरात येणारे रोही, म्हणजे नीलगायी, पळवायला तांब्याएवढा स्पीकर दिला, वाघाची डरकाळी भरून. “पत्र्याच्या डब्यात ठेव काकू, चोरी नाही जाणार.”

भर दुपारी डबा तापला, डरकाळीचं म्याव झालं आणि रोह्यांचा कळप अर्धी तूर फस्त करून गेला.

“स्पीकर तापला का तो जळू नये म्हणून आपोआप बेस, आवाजातला खर्ज, कमी करते,” गोपाल सहज बोलून गेला.

वच्छलाबाईंनी धुऱ्यापलीकडं, बांधाला लागून असलेल्या शेतात पाहिलं. गोपालच्या वावरात निंबाच्या गार सावलीत टांगलेला तसाच स्पीकर शिवारभर घुमत होता.

“तुले माहीत होतं, अन् तरी मले डब्यात ठेवाले लावलं?”

गोपालनं मान खाली घातली. “काकू, दोन्ही वावरात वाघ असता, त रोही गेले कुठं असते?”