ड्रमकीलचे अकरा

"बूट आणलेस का?" ऊनानं विचारलं.

फर्गल शवपेटीपाशी उभा होता. टोरांटोहून रात्रभर विमानात बसून आला होता, अंगावरचा कोटही अजून काढला नव्हता. मॅलकी टिअर्नीच्या गार हातावर हात ठेवून तो "फार वाईट झालं" म्हणणार, तेवढ्यात मॅलकीच्या बायकोनं हे विचारलं.

"बूट?"

"फुटबॉलचे. रविवारी मॅच आहे."

"आणलेत. फोनवर तुम्हीच बजावलं होतंत ना."

"मग चहा घे. हॅमचं सँडविच खा." ती पुढच्या माणसाचा हात हातात घ्यायला वळली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"बिचारीला अजून उमगलेलंच नाही," स्वयंपाकघरातल्या बायका कुजबुजल्या.

रविवारची मॅच साधीसुधी नव्हती. माणसं कमी पडली म्हणून गावच्या ड्रमकील रोव्हर्स क्लबनं त्या मोसमात दोन मॅचेस न खेळताच सोडल्या होत्या. तिसरी सोडली की लीगमधून नाव कटणार होतं. नाव कटलं की क्लब संपला.

आणि क्लब म्हणजे मॅलकी. दलदलीत चर खणून, पाणी काढून, ट्रॅक्टरनं माती ओढून त्यानं ते मैदान केलं होतं. सुरुवातीला पोरं सपाटून मार खायची. "आली ड्रमकीलची बदकं!" असं शेजारच्या गावचे ओरडायचे. मग एका वर्षी याच बदकांनी शहरातल्या टीमला धूळ चारली आणि काउंटीचा कप गावात आणला. रस्त्याच्या कडेनं शेकोट्या पेटल्या, टीम ट्रेलरवर चढली आणि फादरनासुद्धा दोघांनी धरून घरी पोचवावं लागलं.

पुढं बांधकामं बंद पडली, पोरांच्या हातची कामं गेली. फर्गल टोरांटोला गेला, मल्व्ही जुळे पर्थला, बाकीचे लंडनला. पन्नाशी उलटलेला पोस्टमन जार्लथ गोलकीपर म्हणून उभा राहायला लागला, कारण दुसरं कोणी नव्हतंच.

मॅलकीच्या किडन्या गेल्या तरी त्याचे फोन चालूच. हॉस्पिटलची गाडी त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर न्यायची. तिथं पडल्या पडल्या तो पोरांना विनवायचा, "एक मॅच खेळून जा रे." कोणाला रजा नसायची, कोणाला तिकीट परवडायचं नाही. खोटं कोणीच बोलत नव्हतं. फर्गल तर सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही आला नव्हता.

संध्याकाळी मल्व्ही जुळे आले. जार्लथनं खोलीभर नजर फिरवून डोकी मोजली.

"दहा. आणि मी धरून अकरा! अरे देवा, म्हातारा मेला पण टीम देऊन गेला!"

सगळे हसले. ड्रमकीलमध्ये मयताच्या घरी हसलेलं कोणाला खटकत नाही. ऊना मात्र हसली नाही. तीही मोजत होती.

"ऊना, तुम्ही सोमवारीच फोन केलात, या आठवड्यात जाईल म्हणून," फर्गल म्हणाला. "म्हणून तर पोचलो. पण डॉक्टरांना इतकं नेमकं कसं कळलं?"

"कळतं त्यांना."

"मशीनवर लोक वर्षानुवर्षं काढतात म्हणे."

"थकला होता रे तो. सँडविच घेतलंस का?"

शनिवारी दफन झालं. पोरांनी क्लबच्या जर्सी घालून पेटी खांद्यावरून नेली. ऊना मागून चालत होती. तिला काहीच वाटत नव्हतं. हातपाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे चालत होते. रडायचं ते उद्या मॅच संपल्यावर, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळे गरम सूप प्यायला बसले. लीगचा सेक्रेटरी युजीन गिलहूली काळा टाय लावून आला. त्यानं ऊनाचा हात दोन्ही हातांत धरला.

"मिसेस टिअर्नी, असा माणूस पुन्हा होणे नाही. तुम्ही उद्याची काळजी सोडा. मॅच आम्ही पुढं ढकलली. मॅलकीच्या मानासाठी."

"कधीवर?"

"पुढचा रविवार."

"युजीन, पोरं सोमवारी परत चाललीत!" जार्लथ म्हणाला. "अकरा माणसं आणणार कुठून?"

"अरे, आज पुरलेल्या माणसाच्या क्लबला उद्या मैदानात उतरवायचं? लोक आमच्या तोंडात शेण घालतील. आमच्याकडे रीतच आहे ती. तुम्हाला मागायचीसुद्धा गरज नाही."

"उद्याच खेळू द्या," ऊना म्हणाली. "मी सांगते ना. त्याला तेच हवं होतं."

"धन्य आहे तुमची," गिलहूली गहिवरून म्हणाला. "पण समोरच्या टीमला कळवून झालं. पंचांनाही. आता काही होणार नाही." त्यानं पुन्हा एकदा तिचा हात दाबला आणि तो फादरना भेटायला गेला.

मल्व्ही जुळे खाली मान घालून सूप ढवळत राहिले. "रजा वाढवून मिळणार नाही, ऊना," फर्गल हळूच म्हणाला. क्लब तिथंच, त्या टेबलावर संपला.

जार्लथ खुर्ची ओढून ऊनाजवळ बसला. "जाऊ दे, ऊना. निदान पोरं आली तरी. मॅलकीला हे दिसायला हवं होतं."

"त्याला ठाऊक होतं येतील ते."

"कसं काय?"

"मॅचची तारीख कळली ना, त्या दिवशी म्हणाला, 'ऊना, आपली पोरं मॅचला येत नाहीत, लग्नाला येत नाहीत, पण मयताला जगाच्या टोकावरून येतात. हॉस्पिटलच्या गाडीवाल्याला सांग, उद्यापासून येऊ नकोस.'"