एल्माची टाच

पलंगावरून उतरून एल्माने उजवा पाय जमिनीला टेकवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. टाचेत कुणी खिळा ठोकावा तशी कळ आली. ती भिंत धरून दारापर्यंत पोचली. दहा-बारा पावलांनंतर कळ जरा बोथट झाली. दीड वर्ष रोज सकाळी हेच चाललं होतं. शेजारणी म्हणत, टाचेचं हाड वाढलंय, वयच झालंय, आता हे दुखणं घेऊनच जायचं. एल्मालाही ते पटलं होतं.

पलीकडच्या खोलीत तिचा नवरा रेनो वाट पाहत असायचा. सहा वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्याची डावी बाजू गेली होती. जीभ तेवढी शाबूत राहिली. जन्मभर तांब्याच्या खाणीत राबलेला आडदांड गडी. एल्मा त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलायची, खुर्चीत बसवायची, परत पलंगावर न्यायची. दिवसातून आठ वेळा. मुलगी दूर फिनिक्सला होती. काउंटीच्या सरकारी कचेरीकडे मदतनीस मागितला होता, पण यादीत यांच्या आधी चाळीस नावं होती.

दर मंगळवारी फिजिओथेरपिस्ट ग्वेन रेनोच्या हाताचे व्यायाम घ्यायला यायची. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी कॉफी पिऊन एल्मा उठली आणि पहिली चार पावलं लंगडत गेली. ग्वेनने ते पाहिलं. तिने एल्माला स्वयंपाकघरात बसवलं, सपात काढली आणि टाचेच्या आतल्या कडेवर अंगठा दाबला. एल्माच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ग्वेनने विचारलं, सकाळची पहिली पावलं जास्त दुखतात का, बराच वेळ बसून उठल्यावर पुन्हा तसंच होतं का. एल्माने मान हलवली. मग हे हाडाचं नाही, ग्वेन म्हणाली. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो, तो ताणून दुखावलाय. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं सिमेंटच्या फरशीवर उभं राहणं, आणि आता हे ओझं. तो बरा होतो. उठण्याआधी तळव्याला टॉवेल अडकवून पाऊल आपल्याकडे ओढायचं. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या. बर्फ केलेल्या बाटलीवर तळवा फिरवायचा. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, मऊ टाचेचे बूट घालायचे. काही महिने लागतील, पण बहुतेकांचं जातं.

“फक्त त्यांना उचलणं बंद करावं लागेल,” ग्वेन म्हणाली. “निदान सहा महिने.”

“मग त्याला काय छताला टांगू?” एल्मा म्हणाली आणि कप विसळायला लागली.

ती एक गोष्ट सोडून तिने बाकी सगळं केलं. दुखणं कमी झालं नाही. नोव्हेंबरात बर्फ पडायला लागलं, तेव्हा डावी टाचही धरली. डिसेंबरात एका सकाळी रेनोला उचलताना कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली आणि दोघंही जमिनीवर आपटले. एल्माला त्याच्याखालून निघता येईना. शेजारचा माणूस अंगणातलं बर्फ काढायला आला, तोवर तासभर ती दोघं तशीच पडून होती.

त्या आठवड्यापासून रेनो बदलला. कॉफी गार लागायला लागली, लापशी करपलेली, बायकोचे हात खरखरीत. आणि दोन आठवड्यांनी ग्वेनच्या देखत तो म्हणाला, “मला वृद्धाश्रमात ठेवा. एक्कावन्न वर्षं हिचंच तोंड बघतोय. तिथे पोरी तरी तरुण आहेत.”

एल्माने त्याची बॅग भरली.

वृद्धाश्रमात ती रोज जायची. तो खिडकीकडे तोंड करून बसायचा. जानेवारीत तिने वेलदोड्याचा गोड पाव भाजून नेला. तिच्यासमोरच त्याने तिथल्या बाईला सांगितलं, हा पाव पाखरांना टाक. त्यानंतर ती फक्त रविवारी जायला लागली. फेब्रुवारीच्या शेवटी तेही थांबलं. घरात उचलायला कुणी नव्हतं. टॉवेल, भिंत, बाटली एवढंच काय ते काम उरलं होतं, ते ती करत राहिली.

मार्चमध्ये दुसरा झटका आला आणि रेनो गेला. त्याला पाहून तिला अठरा दिवस झाले होते.

जमीन गोठलेली होती, म्हणून दफन मे महिन्यात झालं. टेकडी चढून एल्मा कबरीपर्यंत चालत गेली. उतरताना ग्वेन बरोबर होती. तिने पाय कसा आहे ते विचारलं.

“दुखत नाही. महिना झाला,” एल्मा म्हणाली. “तुझ्या टॉवेलची कृपा. आणि त्याला माझा कंटाळा आला, त्याची.”

ग्वेन थांबली. ती म्हणाली की रेनोने आपल्याकडून शब्द घेतला होता, तो जिवंत असेपर्यंत बोलायचं नाही म्हणून. तुम्ही दोघं पडलात, त्यानंतरच्या मंगळवारी त्यांनी विचारलं की बायकोच्या पायाला नक्की काय झालंय, आणि ते कशाने जाईल. मी खरं ते सांगितलं. दुसरीकडे राहायला जायचंय असं बायकोला समजावून सांगा, असंही म्हटलं.

“मग?” एल्माने विचारलं.

“ते म्हणाले, समजावून सांगितलं तर ती मला सोडणार नाही. तिला माझा राग यायला हवा. तेवढं मला अजून जमतं.”