घाटावरची साखळी

समदची होडी घाटापासून गाळाकडं वळली आणि शंभुलिंगच्या खिशातला फोन वाजला.

"अध्यक्ष, महाराज पोचले का?" शांतलिंग विचारत होता. कीर्तनाच्या महाराजांना आणायला तोच उमरग्याला गेला होता. "वढ्याच्या पुलावरून पाणी चाललंय. गाडी पल्याडच अडकली. तिथंच तलावात समदची होडी दिसली, तिच्यात बसवून दिलंय त्येंना. घाटावर नीट उतरवून घ्या."

त्या होडीला शंभुलिंगनं आत्ताच हाकललं होतं. "ए समद! आज सप्त्याचं शेवटचं कीर्तन हाय. मासळीची होडी हिकडं आणायची न्हाय. ने तिकडं गाळात!" होडीत पुढं कुणीतरी घोंगडं पांघरून बसलं होतं. समद हात हलवून काहीतरी ओरडत होता. पण देवळाच्या कर्ण्यावर नामधून चालली होती. शंभुलिंगला वाटलं, घालतोय हुज्जत नेहमीसारखी.

तलावात होडी उतरवायला धड अशी एवढी एकच जागा. देवळाशेजारचा हा उतार होड्यांसाठीच बांधलेला. पण मासळीचं पाणी देवाच्या वाटेवर सांडतं म्हणून देवळाच्या कमिटीनं तिथं साखळी लावली. किल्ली अध्यक्षाच्या कडोसरीला आली. एका अंगाला बांधाचे दगड, त्यावर होडीचा पत्रा फाटतो. दुसऱ्या अंगाला गाळ. मासेमारांनी गाळ धरला. समद एकदा म्हणालाही होता, "अध्यक्ष, किल्ली तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. फकस्त सकाळ-संध्याकाळ साखळी सोडत जा." तेव्हा शंभुलिंग म्हणाला होता, "देवाला वासानं ठसका लागंल की रे!" सगळा पार हसला होता. समदही हसला होता.

त्याच गाळात मागं सोमेशचा बैल फसला. जेसीबी आणून काढला, तरी जगला नाही.

आणि महाराजांचे ते गुडघे! गेल्या सप्ताहात त्यांना कीर्तनाला उभं करायला दोघं लागले होते. एकदा उभे राहिले की मात्र आवाज असा चढायचा, की मृदंगवाल्याला घाम फुटावा आणि म्हाताऱ्यांनी टाळ्या धरताना काठ्या सोडून द्याव्यात.

शंभुलिंग धोतर सावरत पळत सुटला. दिवस बुडत आला होता. वारं सुटलं होतं. समदला फोन लावावा म्हणून त्यानं पळता पळता मोबाइल काढला. एका गावात दोघं वाढले, पण समदचा नंबर त्याच्यापाशी नव्हता. पाठीमागून कर्णा सांगत होता, "सिद्धाराम महाराज थोड्याच वेळात पोचत आहेत. भाविकांनी जागा सोडू नये." बाभळीच्या काट्यात धोतर अडकलं, टरकन फाटलं. कडोसरीची किल्ली प्रत्येक पावलाला कंबरेत टोचत होती. देवा, माझ्या हातनं हे पाप नको. एवढं नको.

होडी दिसली. रिकामी, कलंडलेली.

मग समद दिसला. मांडीपर्यंत गाळात रुतलेला. त्याच्या पाठीवर महाराज. ना पुढं, ना मागं.

"आत येऊ नका, अध्यक्ष! तुमी बी फसताल!" समद ओरडला. "होडीतली फळी निसटलीय, तेवढी सरकवा!"

फळी गाळावर पडली होती. शंभुलिंग तसाच आत शिरला. गुडघाभर रुतला. फळी हाताला लागली तशी ती त्यानं पुढं ढकलली, आपलं टोक छातीखाली दाबून धरलं. समदनं महाराजांना फळीवर टेकवलं. इंच इंच करत महाराज कोरड्या जमिनीवर आले. मग त्याच फळीच्या आधारानं शंभुलिंग आणि समद बाहेर निघाले.

शंभुलिंगनं हात जोडले. "म्हाईत न्हवतं ओ, महाराज. तुमी होडीत बसलाव हे ठाव असतं, तर घाटावर फुलं आंथरली असती."

महाराजांनी दम घेतला. "म्या होतो म्हणून पळत आलास, शंभू. म्या नसतो तर?"

शंभुलिंग वाकून धोतराचा गाळ पिळू लागला.

"त्येचं काय न्हाय, महाराज," समद पायाचा गाळ निपटत म्हणाला. "रोज आमचं आमी निघतो."

मंडपात शंभुलिंगच्या बायकोनं, शिवलीलानं, पाय धुवायला तांब्या आणला, तर महाराजांनी हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ दे, माय. लोक कवाचे बसल्यात." मृदंगावर थाप पडली. रिवाजाप्रमाणं अध्यक्षानं हार घातला आणि महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं. पावलांवर गाळ वाळत होता, तलावाचा वास येत होता. शंभुलिंगला डोकं उचलावंसं वाटेना. उचललं, लोकांकडं वळला, आणि बायकांच्या बाजूला कुजबुज उठली.

शिवलीला आपल्या कपाळाला बोट लावून त्याला खुणावत होती. "अवो, पुसा की ते! लोक बघायलेत!"

त्यानं हात वर नेला. विभूतीच्या पट्ट्यात काहीतरी पातळ, नखाएवढं चिकटलं होतं. माशाचं खवलं. हॅलोजनच्या उजेडात साऱ्या गावाला दिसत होतं.

मंडपाबाहेर, जिथून साखळी सुरू होते तिथं, समद ओल्या अंगानं उभा होता.

शंभुलिंगचा हात कपाळापासून खाली आला. कडोसरीची किल्ली त्यानं मुठीत घेतली, आणि भरल्या मंडपातून, कपाळावरचं खवलं तसंच ठेवून, तो समदकडं चालू लागला.